चौघांत एक बाटली

उद्यमबागच्या आमच्या फौंड्रीत
मोल्डिंगचं मशीन बसवायला
इटलीहून ओत्तावियो नावाचा माणूस आला होता.
बावीस दिवस राहिला.
जाताना माझ्या पॅटर्नच्या बाकावर
वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून गेला
ही हिरवी बाटली, उतरत्या खांद्यांची.

मी आधी माप वाचलं : तेहतीस सेंटिलिटर. सवय.
मग झाकणाचे दात मोजले. एकवीस.

शनिवारी पगार झाला आणि लाईट गेली.
मोनाप्पा मुतगेकरानं बाटली ओल्या किलतानात गुंडाळून
हौदाच्या नळाखाली तासभर धरली,
तापातल्या पोराला धरावं तशी.
कॅम्पातला इनास म्हणाला, ग्लास तिरका धर, फेस बघ.
ग्लास स्टीलचे.
अंधारात फेस दिसतोय कुठं,
ऐकू येत होता तेवढा.

बॅटरीच्या उजेडात लेबल बघितलं.
त्यावरची भाषा चौघांपैकी कुणाचीच नव्हती,
त्यामुळे भांडण नव्हतं.
बसलिंगनं ते कन्नडसारखं वाचलं,
प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर टेकवत,
आणि का कोण जाणे, बरोबर वाटलं.

पहिला घोट.
कुणीच बोलेना.
कडक, पांचट, डोकं धरणारी —
दारूसाठी एवढेच शब्द होते आमच्याकडे.
चव सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"गंजी उपसल्यावर येतोय बघ, तसला वास," मोनाप्पा म्हणाला.
इनास म्हणाला ईडलिंबाची साल.
बसलिंगनं गालात फिरवली, गिळली, थांबला :
"कहि ऐती. आद्र छलो ऐती."
कडू आणि चांगलं यांच्यामधला तो 'आद्र'
मला मराठीत नीट सापडला नाही.
'पण' फार तुटक पडतो.

मला आला कोअरच्या भट्टीचा वास.
वाळूत कालवलेली काकवी भाजते
तेव्हा कडेकडेनं उठणारा पिवळा, करपट गोडवा,
तोच. फक्त गार.
सांगणार नव्हतो.
म्हणतील, ह्याला ताटातसुद्धा कामच दिसतंय.
मग सांगितलंच.
मोनाप्पानं ग्लासात नाक घातलं, बराच वेळ.
"हाय की रे."

ओत्तावियो आमच्यातच बसून जेवायचा.
मिरचीच्या खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी काढलं त्याच्या,
तरी डबा सरकवला नाही.
आम्ही वाढत राहायचो.
बावीस दिवसांत एकच शब्द शिकला : पुरे.
तोही लांबवून, कुणाला तरी हाक मारल्यासारखा,
पूऽऽरे.

दुसऱ्या घोटापर्यंत थंडावा ओसरला,
कडूपणा उघडा पडला.
तिसऱ्याला इनासकडे जरा जास्त गेली.
कुणी काही बोललं नाही,
म्हणजे तोंडानं नाही.

तळाशी बोटभर उरली तेव्हा
मी बाटली फिरवली.
"पूऽऽरे," मोनाप्पा म्हणाला.
"पूऽऽरे," इनास.
बसलिंग हसता हसता असा ठसकला
की वॉचमन बघायला आला.

उरलेली मी प्यालो.
फेस नाही, गारवा नाही,
गंजी नाही, ईडलिंबू नाही.
जिभेवर नाणं ठेवल्यासारखं काहीतरी,
ते मात्र घरी सायकल लावेपर्यंत टिकलं.

बाटलीत आता मी चपडा भरून ठेवतो, पॅटर्नला लावायला.
लेबल स्पिरिटनं निम्मं गेलंय.
चारच्या उन्हात भिंतीवर तिचा हिरवा डाग पडतो
आणि पलीकडे ते मशीन सुरू झालं
की थरथरतो.