भूल

मकरपुऱ्यात, आमच्या शेडमध्ये, प्रेस नंबर तीन
लाल फितीच्या आत उभा आहे,
गुन्हा कबूल करायला तयार.
त्याला कुणी विचारत नाही.

मी मोजपट्टी धरते, फोटो काढते,
जमिनीवर टाकलेला भुसा तसाच राहू द्या म्हणते.
सकाळी अकराला याच जमिनीवरून
एकशे बारा माणसं माझ्या भोंग्यावर धावली होती.
धावायचं नसतं, चालायचं असतं,
हे मी तीनदा ओरडले, धावत.
गेटजवळच्या कडुलिंबाखाली रांग, हजेरी, टाळ्या.
चार मिनिटं दहा सेकंद.
मग छासच्या पिशव्या.
रांगेत पहिला दिलसुख निनामा, दाहोदकडचा,
पिशवीचा कोपरा दातांनी तोडताना हसत होता,
कारण आग खोटी होती.

तीन चाळीसला आग नव्हती.
भोंगाही नाही.
शेजारच्या प्रेसवाल्याला वाटलं, पत्र्याचाच आवाज.

प्रेसला दोन बटणं असतात, एकेका हाताला एक.
दोन्ही दाबली तरच डाय खाली येतो.
हातांना त्या वेळी दुसरं काम उरूच नये
असं कुणा भल्या माणसाने कधीतरी ठरवलेलं.
डाव्या बटणात काडेपेटीची घडी निघाली.
आजची नव्हती, कडा तेलाने काळ्या.
दर सोमवारी मी इथून जाते, बटण हिरवं दिसतं,
कागदावर बरोबरची खूण करते.
घडी चिमट्याने काढली, पिशवीत घातली,
पिशवीवर तारीख लिहिली.
प्रेसच्या कुशीवर खडूच्या रेघा होत्या,
शंभर नगांना एक.
तेवीस. चोविसावी ओढायची राहिली.

पढियारभाई म्हणाले,
'एनी भूल हती, मॅडम. लखी नाखो.'

भूल.
आम्ही इथे गुजरातीत बोलतो, हिंदीत ओरडतो,
अहवाल इंग्रजीत पाठवतो,
आणि जिना उतरताना पायऱ्या मी मराठीत मोजते.
त्यांच्याकडे भूल म्हणजे चूक.
माझ्याकडे, दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत,
भूल म्हणजे ऑपरेशनआधी देतात ती.
सयाजी इस्पितळात त्या क्षणी दिलसुखला
दुसरी दिली जात होती,
आणि इथे पहिली.

फॉर्मवर पाच वेळा विचारायचं असतं, का?
बोटं डायखाली होती.
का? डावा हात मोकळा होता.
का? घडी.
का? दोन्ही हातांनी एक नग चौदा सेकंदांत निघतो,
दिवसाला दोन हजारांच्या थोडं वर,
आणि फळ्यावर लिहिलंय सव्वीसशे.
पाचव्याला पढियारभाई पंख्याकडे पाहत राहिले.
मग मराठीत बोलले,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
आणि अगदी स्वच्छ:
'तुमच्या ड्रिलची पंचवीस मिनिटं भरून काढायची होती.'

हे कुठल्या रकान्यात बसतं ते मी शोधलं.
'इतर' नावाचा एक आहे. तोही अरुंद.

संध्याकाळी इस्पितळात
पलंगाच्या कडेला त्याची चप्पल,
एकीत भुशाचे दोन कण.
हात पांढऱ्या गुंडाळीत, उशीवर वेगळा ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
मी विचारायला वही काढली.
त्यानेच विचारलं,
'मॅडम, सवारे लाइनमां पहेलो हुं हतो ने?'
हो, म्हटलं. मराठीतच.
त्याला कळलं. डोळे मिटले.
वही मी परत पर्समध्ये ठेवली, न लिहिता.

'मूळ कारण' याला दोन ओळींची जागा आहे.
त्या रात्री मी अकरा ओळी लिहिल्या,
समासात, उभ्या, पान फिरवून.
उद्या सातला, शिफ्टच्या आधी,
ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी जाणार आहे.
खडूच आहे, निघायला हवा.
नाही निघाला, किंवा दुपारपर्यंत परत उमटला,
तर त्याचाही फोटो काढीन,
मोजपट्टी लावून.