शेरा

कुरूलच्या खाली, वितरिका सात.
आवर्तन बंद होऊन एकोणीस दिवस.
मोजपट्टीवर पाण्याची जुनी रेघ,
तिच्याखाली वाळलेलं शेवाळ
करपलेल्या कढईच्या बुडासारखं.

नोंदवहीत लिहितो: पातळी शून्य. विसर्ग शून्य.
शेरा हा रकाना कुणी वाचत नाही
म्हणून तिथं लिहीत जातो:
बेशरमाला फुलं, फिकट जांभळी, भर उन्हात.
पानकणसं फुटली, म्हातारीच्या केसांसारखी उडतायत.
वेड्या राघूंनी भरावात बिळं कोरलीत,
एकाच्या चोचीत अख्खा चतुर.
सायफनच्या तोंडाशी डबकं उरलंय
चटईएवढं. परवा सतरंजीएवढं होतं.
काठावर एक ढोकरी,
वसुलीला आलेल्या माणसासारखी निवांत.

पाटकरी नबीलाल मुलाणी पुढं चालतो,
खांद्यावर गेटाची चावी.
एकदम थांबतो. "सायेब, पाय बगून."
कालव्याच्या तळात, खडी आणि कोरड्या शिंपल्यांत
चार अंडी.
की चार खडे, मला अजून खात्री नाही.
डोक्यावर टिटवी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

"खाली घातली की दुष्काळ, म्हणत्यात,"
नबीलाल सांगतो. "हिला काय म्हायती?
हिला सपाट जागा पायजे."

पाणी उद्या सोडायचं. आदेश खिशात.
टेलच्या इंदूबाई होनमान्यांचा तिसरा फोन,
कडवळ करपतंय.

शेरा: गेटाचा दांडा अडकला. ग्रीस मागवले.
अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं
हे पहिलं खोटं नाही.
पण हे पहिलंच, ज्यात मला काही मिळालं नाही.

दोन दिवस ग्रीस येत राहिलं.
दुसऱ्या दिवशी इंदूबाई स्वतःच आल्या,
चावी लावून चाक हलवलं.
"हे तर फिरतंय की."
नबीलालनं रुमालानं मान पुसली.
मी त्यांना तळात नेलं, दाखवलं.
उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या.
मग पदर झटकत उठल्या:
"ग्वाड हायती. पर माझ्या म्हशींला हे कोण सांगणार?"

तिसऱ्या सकाळी खळगा रिकामा.
टरफल नाही, पीस नाही.
मुंगूस, की पाय फुटून गेली चौघं?
नबीलाल वाकून माती बघतो, बोलत नाही.
वर टिटवी ओरडतेच आहे.
लपवायला काही असेल तरच ती इतकं ओरडते
असं मला वाटतं.
वाटून घेतो.

चाकाचे सव्वीस फेरे.
आधी येतो कचरा, बाभळीच्या शेंगा,
लहान मुलाची एक चप्पल,
मग फेस,
मग पाणी.
ढोकरी उठते, पलीकडं जाऊन बसते.

विसर्ग चाळीस क्युसेक. वेळ सात दहा.
शेरा: निरंक.