हातचे एकशे तेरा

सहीचा दिवस मंगळवार होता.
बँकेतली बाई पानं उलटत राहिली, मी सह्या करत राहिलो,
टेरेल ओडम, टेरेल ओडम,
तिसाव्या पानाला ते नाव दुसऱ्याच कुणाचं वाटू लागलं.
क्लीव्हलंडमध्ये, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यामागे
दोन मजल्यांचं लाकडी घर. किंमत चौऱ्याऐंशी हजार.
मी भरलेल्या पैशांत, खरं सांगायचं तर,
जिना आला असता. तोही कठड्याशिवाय.

खाली मी राहायचं, वरचा मजला भाड्यानं द्यायचा.
बस डेपोतली वँडा म्हणाली होती,
"लोक तुझं कर्ज फेडतील, तू फक्त झोप काढ."
वँडाची तीन घरं आहेत.
तिला रात्री झोप लागत नाही, हे नंतर कळलं.

जेवणाच्या सुट्टीत ब्रेकच्या खोक्यावर
ग्रीसच्या बोटांनी आकडे मांडले:
भाडं नऊशे पन्नास.
हप्ता, कर, विमा, वजा सातशे बावीस.
पाण्याचे साठ.
काही मोडलं-तुटलं तर पंचावन्न.
हातचे उरले एकशे तेरा.
पुठ्ठा फाडून घरी आणला, फ्रिजवर लावला,
शाळेतून पोर चित्र आणतं तसा.

मोडणाऱ्या वस्तूंना पुठ्ठा वाचता येत नाही.
पहिल्या बर्फात तळघरातला बॉयलर बसला.
हलुपनिक आला, टॉर्च मारला, टोपी काढली.
"हा माझ्या आजोबांनी बसवलेला," म्हणाला,
आणि बाराशे मागितले.
हातचे जवळजवळ अकरा महिने
त्या एका दुपारी धुराड्यातून गेले.
घर बांधून पाहावं म्हणतात लोक.
भाड्यानं देऊन पाहा एकदा.

वर यारित्सा राहते, दोन पोरं घेऊन.
हॉस्पिटलच्या चादरी धुते.
तिची पावलं मला पाठ झालीत:
रात्रपाळीनंतर अनवाणी,
आणि पैसे संपत आले की
स्वयंपाकघरात टेबलापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून टेबलापर्यंत.
हे ऐकायचं नसतं. पण छत पातळ आहे,
आणि छत माझं आहे.

फेब्रुवारीची सहा तारीख. भाडं नाही.
मी जिना चढलो. शर्ट बदलून, का कोण जाणे.
दारापाशी हात उचलला,
आणि आतला टीव्ही बंद झाला.

ती शांतता मी ओळखतो.
मी सात वर्षांचा, टेबलाखाली,
आईचं बोट ओठांवर,
बाहेर मिस्टर क्रेब्झ अंगठीनं दार ठोकतोय,
तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा.
तो काय विचार करत उभा असेल
हे मी कधी मनात आणलं नव्हतं.
आता कळलं. हप्त्याचा. पंधरा तारखेच्या.
नुसता हप्त्याचा.

दार न ठोकताच खाली आलो.
यात मोठेपणा नाही, मला फक्त
तिसरा ठोका कसा द्यायचा ते सुचेना.

सकाळी दाराखालून पाकीट. सहाशे रोख.
"बाकीचे शुक्रवारी. पोरांच्या खोलीतला हीटर गार आहे."
वाचून मला बरं वाटलं, सहाशेंपेक्षा त्या हीटरमुळे.
हीटरचं काय करायचं ते मला येतं.

चावी घेऊन वर गेलो. झडप अर्धा फेरा सैल केली,
अडकलेली हवा फुसफुसत बाहेर आली, मग काळं पाणी,
मग हळूहळू लोखंड तापलं.
धाकटा एल्विन मोजे घालून शेजारी उकिडवा बसला होता.
"हे घर तुमचं आहे?"
"बँकेचं," मी म्हणालो. "मी खाली राहतो."
"मग आम्ही तुमच्या डोक्यावर राहतो," तो म्हणाला,
आणि आईनं आतून हाक मारली
स्पॅनिशमध्ये, जरा घाईनं.

शुक्रवारी तीनशे आले.
पन्नास राहिलेत. पुठ्ठ्यावर जागा नाही,
मी ते कुठंच लिहिलेले नाहीत.
विसरलोही नाही.