हरकती व सूचना

पोळ्याला गाव होतं,
दिवाळीला नगर झालं.
कचेरीवरची पाटी बदलली,
पाटीखालचा कुत्रा तोच.

मग नागपुराहून नकाशा आला, गुंडाळलेला,
कंडक्टरच्या शेजारी अख्खी सीट अडवून.
मीच तो भिंतीवर ठोकला. चार खिळे.
खाली कागद लावला, माझं अक्षर बरं आहे:
तीस दिवसांत हरकती व सूचना.

पिवळं म्हणजे राहणं, निळं म्हणजे दुकानं.
हिरवं म्हणजे बाग,
जिथे आज ढिवरांची जाळी वाळतात.
तांबडी दुहेरी रेघ म्हणजे बारा मीटरचा रस्ता,
बोडीच्या पाळीवरून थेट.
नकाशात सगळंच थेट जातं.
आमच्याकडे नांगरसुद्धा बांधाला विचारून वळतो.

आठ दिवस कुणी फिरकलं नाही.
नवव्या दिवशी प्लॉटवाले आले,
मोबाईलमध्ये फोटो काढले,
पिवळं अजून कुठवर सरकेल
ते एकमेकांच्या कानात बोलले.

मग फाल्गुन उईके, तीनचाकी सायकलवर.
पायऱ्यांपाशी थांबला. पायऱ्या चार, नकाशा आत.
'काहून जी, मी वाचू कसा?'
खिळे उपटून नकाशा बाहेर आणला,
त्याच्या मांडीवर अंथरला.
शासकीय नकाशा मांडीवर, हे नियमात बसत नाही.
पण पायऱ्यांवरून हात टेकत चढणं
कुठल्या नियमात बसतं?
घरापासून दवाखान्यापर्यंत त्यानं बोट फिरवलं,
परत फिरवलं.
'रस्ते लय हायेत. उतार नाही एकबी.'
नोंदवहीत हरकत क्रमांक एक.

जैनबबी बांगडीवाली म्हणाली,
बाजार हायवेपल्याड नेता,
डोक्यावर काचेची पाटी घेऊन
ट्रकला हात कोण दाखवणार?
क्रमांक दोन.

वसतिगृहाच्या पोरी आल्या, सातजणी.
आचल मडावी बराच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली,
'सर, ह्याच्यात रात्र कुठं दाखवली?'
मला कुणी सर म्हणत नाही.
मी क्रमांक तीन लिहिला
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

शेवटच्या दिवशी, कुलूप हातात घेतलं होतं,
दुर्पता वलथरे आली. साडीला मासळीचा वास.
'माजं घर कोठी हाये जी?'
शोधलं. पाळ सापडली, बोडी सापडली,
दुर्पताचं घर नव्हतं.
मी तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.
तिचा अंगठा शाईत बुडवून झाला होता, वहीसाठी.
तो तिनं उचलला
आणि सरळ नकाशावर दाबला.
'इथं. लिवून घे.'

खोडरबर झिजलं, डाग गेला नाही.
तसाच पाठवला.

उन्हाळ्यात सुधारित नकाशा आला.
यंत्राला अंगठ्याच्या वळ्या उंचीच्या रेघा वाटल्या.
पाळीवर लिहून आलं होतं:
टेकडी. बांधकामास अयोग्य.
आणि बारा मीटरचा रस्ता
तिथे पोहोचून निमूट वळला होता.

दुर्पताला सांगितलं तर पोट धरून हसली.
'टेकडी म्हने! अवं, माज्या घरी
पान्याच्या दिवसांत गुडघाभर पानी रायते!'
दुरुस्ती सुचवायचं काम माझंच होतं.
मी सुचवली नाही.

बाकीच्या हरकती विचाराधीन.
फाल्गुन अजून पायऱ्यांखालून हाक मारतो,
पोरी अजून सातजणी मिळूनच परततात.

मुदत वाढली आहे, आणखी तीस दिवस.
या खेपेला नकाशा मी आत नेलाच नाही.
कचेरीपुढच्या कडुलिंबाला सुतळीनं बांधला,
बसल्या माणसाच्या डोळ्याइतका खाली.
अंधार पडला की बॅटरी लावून बसतो.
बाजूला स्टुलावर
शाईची डबी,
झाकण उघडं.