सभासद क्रमांक एकोणतीस

फॉर्मवर एक रकाना होता : अनुभव.
जुळे सोलापुरात, डॉक्टर हलसंगींच्या गच्चीवर,
हिरव्या जाळीखाली पेन धरून मी बराच वेळ बसले
आणि लिहिलं : नाही.
त्याखाली : व्यवसाय.
कांड्या भरणे. एकतीस वर्षं. आता बंद.
दोनशे रुपये, पावती,
राजमणी नरसय्या कोंडाबत्तीन,
अशोक चौकामागून दोन रिक्षा बदलून.

पहिली आमर जावयानं आणली होती पुण्याहून, खोक्यात.
मी ती काळ्या मातीत लावली,
कढीपत्त्याला घालते तसं शेणखत घातलं.
आठ दिवसांत गेली.
पहिल्याच बैठकीत उभी राहून हे सांगितलं
तर सगळे हसले,
मग एकेक जण उठून आपापलं मेलेलं सांगू लागला.
हत्तुरेंची चार, मे महिन्यातल्या एका दुपारी.
बँकेतल्या शेख मॅडमची, पाण्यानं, मायेनं.
डॉक्टरांनी तर आकडाच सांगितला नाही.
तेव्हा वाटलं, इथं आपल्याला बसता येईल.

दर महिन्याचा दुसरा रविवार.
कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचा काथ्या.
माती नाहीच.
बांडगूळ नव्हे हे, हत्तुरे बजावतात,
झाडाचं काही घेत नाही, नुसतं टेकतं.
मूळ पांढरं म्हणजे तहान.
पाणी मारलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं,
रंगाच्या टाकीत सुताची लड बुडवावी तसं.

बोअरचं पाणी यांना बाधतं.
डॉक्टर एसीच्या नळीखाली बादली ठेवतात.
आमच्याकडे एसी नाही, नळ चार दिवसांआड,
म्हणून माझ्यासाठी पाच लिटरचा कॅन वेगळा,
त्यावर खडूनं : २९.
पहिल्यांदा घरी नेला तेव्हा नात म्हणाली,
अम्मम्मा, दुसऱ्याच्या खोलीतला गारवा आणलास.

एप्रिलात बेचाळीस.
सगळे ओलाव्याच्या मीटरभोवती,
तापलेल्या पोराच्या खाटेभोवती उभं राहावं तसे.
एकोणीस टक्के.
धुकं सोडायचं यंत्र अठरा हजारांचं,
मंडळाच्या खात्यात सहा हजार तीनशे चाळीस.
मी म्हणाले, कोरड्या हवेत सूत तुटतं.
कुणालाच कळेना.
मग सांगितलं : ताणा कोरडा पडला की तडातड तुटत जातो,
म्हणून उन्हाळ्यात शेडच्या फरशीवर पाणी मारायचो,
खिडक्यांना ओली गोणपाटं.
माणसं घामानं निथळायची ते वेगळं,
त्याचं मीटर नव्हतं.
सूत मात्र खूश.

पुढच्याच रविवारी माझ्या ओळखीच्या कारखान्यातून
सहा चादरी आणल्या, सेकंडच्या,
मोराची मान चुकलेल्या.
भिजवल्या, पिळल्या नाहीत, जाळीला चहूकडून टांगल्या.
गच्चीवर ओल्या सुताचा वास,
आणि मी क्षणभर पुन्हा शेडमध्ये,
कानात दाबून बसलेला खडखडाट.
मीटर : चोवीस. एकतीस. अडतीसवर थांबलं.
शेख मॅडमनी टाळी वाजवली, एकच.
डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं.
नंतर पाहिलं, तर माझ्या फॉर्मवरचं 'नाही' खोडलेलं,
पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

माझ्या डेन्ड्रोबियमला अजून फूल नाही.
तिसरं वर्ष.
नवी काठी येते, जुनी सुरकुतते.
डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं,
हत्तुरेंचा व्हॅन्डा जांभळा, त्याच्यासमोर रांग.
मी माझी कुंडी टेबलाच्या टोकाला ठेवली,
कार्डावर लिहिलं : फूल नाही. मुळं बघा.

बहुतेक पुढं गेले.
एक मुलगा वाकला, चौथीतला असेल.
त्याच्या हातात फवारा दिला.
मुळं हिरवी झाली, तो ओरडलाच.
परत पांढरी कधी होतील?
ऊन सरकून इथं आलं, की तासाभरात.
तो टेबलाखालून स्टूल ओढून बसला.