एक फळी

देवपुरात, पांझरेपासून तिसऱ्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर
एक खोली, एक ओटा, आणि बाल्कनी म्हणावी तर
दोन चपला नि एक माणूस उभा राहील एवढी.
किल्ली हातात आली त्या दिवशी
मी आधी फरशीवर झोपून पाहिलं:
डोकं खिडकीकडे, पाय दाराशी.
मावले.

हिलाल मिस्तरी टेप घेऊन आला.
कानावर पेन्सिल, मोबाइलमध्ये शंभर फोटो.
इथे शोकेस, ताई, काचेचं, आत लायटिंग.
वर पोटमाळा, खाली दिवाण, दिवाणाच्या पोटात पेटी.
टीव्हीला युनिट, युनिटला कप्पे बावीस.
छताला पीओपीचं फूल.
तो बोलत गेला आणि खोली
माझ्या डोळ्यांदेखत भरत गेली.
शेवटी आम्ही दोघं जिन्यात उभे.

मी म्हटलं, एक फळी.
म्हणजे?
एक फळी. खिडकीच्या उंचीवर. सागाची.
पॉलिश नको, तेलाचा हात दे.
आन् बाकी?
बाकी भिंत.

त्याने बोट काढलं तशी टेप सर्रकन आत गेली.
“आठे काहीच नही?”
मग आवाज उतरवून,
पैशांचं मनावर घेऊ नका, ताई, हप्त्याने द्या.

कसं सांगावं त्याला.
सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात
मी कपाटांशी संसार केला.
लाल फडक्यातले गठ्ठे, गठ्ठ्यांवर गठ्ठे,
मधून पदर आवरत चालायचं.
एका गावाच्या विहिरीचा कागद ओढावा
तर दुसऱ्या गावाची शाळा अंगावर कोसळायची.
आता मला अशी एक भिंत हवी
जिच्यात काही शोधायचं नाही.

भिंतीला चुना, चुन्यात चिमूटभर नीळ.
डबे तीन: दादर, तुरीची डाळ, साखर.
निरोपसमारंभात मिळालेली घड्याळं चार,
चौघांच्या चार वेळा, चारही देऊन टाकली.
सोनगीरचा तांब्या ठेवला, पाणी त्यातलंच पिते.
गोधडी रात्री अंथरूण, दिवसा घडी होऊन बैठक.
चौरंग एकच.
श्रावणातल्या एका रात्री त्यावर कानबाई,
उरलेलं वर्षभर माझा चष्मा.

रंजनवहिनी घर बघायला आल्या.
सामान कधी येणार?
आलंय, म्हटलं.
त्यांनी काचेचा हंस आणला होता, भेट म्हणून.
कुठे ठेवावा कळेना,
चहा होईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या
आणि जाताना, चुकून असेल,
परत घेऊन गेल्या.

फळी बसली ती मे महिन्यात, भर दुपारी.
रस्त्यावर कुत्रं नव्हतं.
हिलालने पाणसळ ठेवून पाहिली,
बुडबुडा डुलत डुलत मधोमध थांबला.
मग फडकं सोडून त्याने भाकरी खाल्ली,
मिरचीचा ठेचा मलाही दिला.
म्हणाला, आमच्या घरी, ताई,
गिऱ्हाइकांनी नाकारलेलं सगळं फर्निचर.
दोन कपाटं तर दारामागेच. पोरगा गच्चीवर निजतो.
इकडेतिकडे पाहिलं, आणि लाजत,
“जरासं आंग टाकू का?”

टाकलं. हात पसरून झोपला,
डावा हात कशाला लागला नाही, उजवाही नाही.
खिडकीतून गरम वारा आला,
खोलीभर हिंडला, कुठे अडला नाही,
दाराशी पोचेतो थोडा निवला असावा.
मी बाल्कनीत उभी, चपला शेजारी,
कधी नव्हे ते
माझ्या घरात कुणाला तरी जागा पुरत होती.

चारला उठला. तोंड धुतलं.
भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिला.
फळीच्या वर, वीतभर अंतरावर
पेन्सिलीची एक फुली होती,
माझं मन बदललं तर, म्हणून
दुसऱ्या फळीसाठी त्याने गुपचूप केलेली.
ती त्याने अंगठ्याने पुसली.

नीट पुसली गेली नाही,
करडा डाग राहिलाय, रुपयाएवढा.
तेवढा मी ठेवलाय.