केसभर

माझ्या कागदावर, एकशे बाराव्या नंबरात,
सोळा घरं मोकळी आहेत.
तिथं मी उभं राहून वाजवायचं.
पाहुणा आला तर पाहुण्यानं.
समासात मी नावं लिहीत आलो, पेन्सिलीनं, बारीक:
डेट्रॉइट, थर्लो बेक. जोर फार. बूट सुंदर.
सेंट लुई, दोघे भाऊ, एकाच वेळी,
एकमेकांचं काही न ऐकता.
इंडियानापोलिस, नाव विसरलो,
पण पोरगं असं वाजवून गेलं
की बसमध्ये मला रात्रभर डोळा लागला नाही.
अकरा वर्षांत चाळीसेक नावं.
बायकोनं एकदा विचारलं, मग तू कधी वाजवतोस?
मंगळवारी, म्हटलं.
मंगळवारी कुणी येत नाही.

मेब्रीच्या बँडसमोर एक रात्र उभं राहिलो होतो,
एवढं सांगता यावं म्हणून
लोक तीनशे मैल तुडवत यायचे.
मेब्री वाकून स्वागत करायचा,
आणि कुणी फारच तोरा मिरवत आला
तर पुकारायचा असा नंबर
की घोड्याच्या तोंडाला फेस यावा.

टोलेडोत त्या रात्री बर्फ पडत होतं.
मध्यंतर संपता संपता क्लीओफस रेनी आला.
ओव्हरकोट दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा,
सॅक्सोफोन उशीच्या अभ्र्यात.
पहिला आल्टो, आमचा गिल्रॉय, उठून उभाच राहिला.
याच्या एका रेकॉर्डवर, तो मला पुटपुटला,
मी सुई इतक्यांदा ठेवलीय की तिथं खड्डा पडलाय.
मी खुर्ची पुढे केली.
नको, बसलो तर उठवायला माणूस लागेल,
म्हणाला रेनी, आणि जिभेनं कवळी सावरली.

मेब्रीनं एकशे बारा पुकारला. संथ.
रेनीनं फुंकर घातली.

सूर खाली लागला.
थोडाथोडका नाही. पितळ बाहेरून गारठून आलेलं,
ओठ सत्तरीला टेकलेले.
नाचता नाचता एका बाईनं मान वळवली.
पहिलं घर गेलं, दुसरं, तिसरं.
चौथ्यात गिल्रॉयनं, नजर समोर ठेवून,
माउथपीस केसभर बाहेर ओढला.
मग तिसऱ्या आल्टोनं. मग आम्ही दोघा टेनरवाल्यांनी.
मग बॅरिटोनवाल्या पर्डीनंही,
ज्याचं गिल्रॉयशी बारा डॉलरवरून
सहा महिने बोलणं नव्हतं.
ट्रॉम्बोनचं काय, त्यांची नळी सरकतीच.
ट्रम्पेटनीही आपापलं जमवलं.
पियानोला मात्र जागचं हलता येत नाही.
म्हणून पियानोवाल्यानं हात मांडीवर ठेवले
आणि छताचे दिवे मोजत बसला.

तळघरात राहणाऱ्याला भेटायला
सगळं बिऱ्हाड जिना उतरून जावं, तसं.

काय वाजवलं, ते मला सांगता येणार नाही.
बरंचसं त्यानं वाजवलंच नाही.
त्या दोघा भावांनी जिथं शंभर सूर कोंबले असते
तिथं एक ठेवला,
आणि त्याच्याजवळ थांबला,
कुणी आजारी असल्यासारखा.
सोळा संपली. मेब्रीनं बोट फिरवलं: आणखी.
बत्तीस. आणखी.
तोवर श्वासानं पितळ तापलं होतं.
सूर चढत चढत जागेवर आला,
आणि आम्ही पंधराजण राहिलो खाली, तळघरात.

रेनीनं माउथपीस तोंडातून काढला,
मागं वळून पाहिलं, सगळं कळलेल्या डोळ्यांनी.
पोरांनो, म्हणाला, वर या आता.

सगळ्यात मोठ्यानं पर्डी हसला.

समासात मी फक्त टोलेडो लिहिलं.

पुढचा मंगळवार, डेटन. अर्धं सभागृह रिकामं.
कुणी आलं नाही.
एकशे बारा, सोळा घरं, माझी.
उभा राहिलो, आणि पहिली तीन
तशीच जाऊ दिली.
मेब्री वळून बघायला लागला.
शेजारी गिल्रॉयचा हात,
उगाच,
माउथपीसकडे गेला.